बुटकी खुर्ची

मुलीच्या बालवाडीतल्या पहिल्याच पालकसभेत मी खुर्ची पाडली.

पाडली म्हणजे काय, उठताना ती माझ्या अंगाला चिकटून वर आली आणि अर्ध्या वाटेत सुटून फरशीवर आपटली. दीड वीत उंचीची लाकडी खुर्ची ती, पण आवाज असा झाला की गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले सगळे पालक एकदम माझ्याकडे बघू लागले. आईबरोबर सभेला आलेली एक चारेक वर्षांची मुलगी कोपऱ्यात मणी ओवत बसली होती. ती उठली, दोन्ही हातांनी खुर्ची सरळ केली, "काका, दोन हातांनी धरायची असते," एवढं बोलली आणि पुन्हा आपल्या मण्यांकडे गेली.

मी उठलो होतो ते एक प्रश्न विचारायला. आता उभा होतोच, म्हणून विचारून टाकला. "ताई, लिहायला कधीपासून शिकवणार?"

ताई हसल्या. "शिकवू की. घाई आहे का?"

घाई नव्हती. निदान चारचौघांत सांगता येईल असं कारण तरी नव्हतं. मी बसलो. सभा संपल्यावर दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती. तिच्यात मी अगदी सद्भावनेने लिहिलं, 'फरशीवर फोमच्या मॅट घालाव्यात. मुलांना लागणार नाही आणि खुर्च्यांचा आवाजही होणार नाही.' खाली सही केली. या ओळीकडे मला शेवटी परत यावं लागणार आहे.

ताईंचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी वेगळी खोली, वेगळं सामान, वेगळी माणसं हे कुणाला कधी सुचलं, आणि त्यात घाई कुठून शिरली, हे शोधत मी वाचत गेलो. वाचता वाचता एक खोड लागली. मोठमोठ्या विचारांपेक्षा त्या खोलीतल्या वस्तूंकडे बघायची. लोकरीचा चेंडू, लाकडी ठोकळा, बुटकं कपाट, कागदाची घडी. यातली एकही वस्तू आपोआप आलेली नाही. कुणीतरी एका विशिष्ट मुलाकडे बराच वेळ बघत बसलं होतं, त्यातून ती आली. पुढे वस्तू जगभर गेली, आणि ते बघणं बहुतेक वेळा मागेच राहिलं.

सुरुवात मात्र वस्तूशिवायच झाली. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोरावियातला धर्मोपदेशक योहान आमोस कोमेनिअस याचं घरदार सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात गेलं, साथीत बायको आणि मुलं गेली. या माणसाने पुढे परदेशात आश्रित म्हणून राहताना आयांसाठी एक पुस्तक लिहिलं, पहिल्या सहा वर्षांच्या शिक्षणाचं. त्याच्या मते ही शाळा आईच्या मांडीवर भरते. तिला इमारत नको. मुलाचा भूगोल म्हणजे त्याची स्वतःची खोली आणि अंगण, खगोलशास्त्र म्हणजे सूर्य आणि चंद्र ओळखणं, इतिहास म्हणजे काल काय झालं ते आठवणं. विद्यापीठातले सगळे विषय त्याने असे उंबऱ्याच्या आत आणून ठेवले. १६५८ मध्ये त्याने मुलांसाठी चित्रांचं पुस्तकही काढलं, वस्तूचं चित्र आणि शेजारी तिचं नाव. आज दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक चित्रमय पुस्तकाचं ते पणजोबा. फक्त त्याचा आग्रह होता की आधी खरी वस्तू दाखवा, ती मिळणारच नसेल तर चित्र. हा आग्रह पुस्तकाबरोबर फार लांब गेलेला दिसत नाही.

तत्त्वज्ञ रूसोने १७६२ मध्ये निसर्गाच्या सान्निध्यात वाढणाऱ्या एका काल्पनिक मुलाची गोष्ट लिहून युरोपला हलवलं. स्वतःची पाचही मुलं मात्र त्याने अनाथालयात सोडून दिली होती. त्याच्याबद्दल मला याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

फ्रान्समधल्या आल्सासच्या डोंगराळ खेड्यांत १७७० च्या सुमारास ओबरलिन नावाच्या पाद्र्याने विणकामाच्या खोल्या सुरू केल्या. गावातली एखादी तरुण मुलगी लहानग्यांना गोळा करून बसायची, हातात सुया, तोंडात गोष्टी आणि झाडापानांची नावं. युरोपातल्या पहिल्या बालशाळांमध्ये त्यांची गणना होते. पण लहान मुलांना रोजच्या रोज मोठ्या संख्येने एका खोलीत आणण्याची खरी निकड निर्माण केली ती कुठल्या तत्त्वज्ञाने नव्हे, सूतगिरण्यांनी.

स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी न्यू लॅनार्कला अशी एक गिरणी होती. आधीच्या मालकाच्या काळात तिथे अनाथ म्हणून शहरांतून आणलेली पाच-सहा वर्षांची पोरं कामाला होती. रॉबर्ट ओवेनच्या हाती कारभार आल्यावर त्याने दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं थांबवलं. मग ती जाणार कुठे? आईबाप तर दिवसभर यंत्रापाशी. १ जानेवारी १८१६ रोजी ओवेनने गिरणीच्या आवारात एक मोठी संस्था उघडली, आणि तिच्यात चालायला लागलेल्या मुलापासून सगळ्यांना जागा दिली.

शिक्षक कोण निवडले ते बघा. जेम्स बुकॅनन नावाचा एक विणकर, ज्याला स्वतःलाच लिहिणं-वाचणं जेमतेम येत होतं, आणि मॉली यंग नावाची गिरणीतली सतरा वर्षांची मुलगी. ओवेनला विद्वान नको होते. मुलांची आवड आणि न संपणारी सहनशक्ती, एवढंच हवं होतं. त्याने दोघांना सांगितलं की मुलाला कधीही मारायचं नाही, धाक घालायचा नाही, वाईट शब्द वापरायचा नाही, आणि बोलताना चेहरा हसरा ठेवायचा. पुस्तकांचा जाच तर अजिबात करायचा नाही. मुलांनी काही विचारलं तर सांगायचं, नाहीतर बाहेर खेळू द्यायचं. नाचगाणं भरपूर. ओवेनच्या भागीदारांमध्ये काही क्वेकर, म्हणजे साध्या राहणीच्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक होते, त्यांना या नाचगाण्याचा त्रास व्हायचा आणि पुढे त्यावरून भांडणंही झाली. ओवेन हा काही साधा संत नव्हता. माणूस परिस्थितीने घडतो, तेव्हा परिस्थिती घडवली की माणूस हवा तसा घडेल, असा त्याचा ठाम हिशेब होता. त्या हिशेबाचा मला थोडा धाक वाटतो. पण मारायचं नाही हे २०० वर्षांपूर्वी गिरणीमालकाने लेखी-तोंडी बजावणं ही लहान गोष्ट नाही.

ही कल्पना लंडनला गेली, आणि तिथे माझा आवडता प्रसंग घडला. १८२० मध्ये स्पिटलफील्ड्स या गरीब वस्तीत सॅम्युएल विल्डरस्पिन आणि त्याच्या बायकोने बालशाळा उघडली. पहिल्या दिवशी आया मुलांना सोडून गेल्या. एका पोराने आईच्या नावाने गळा काढला, आणि बघता बघता सगळी खोली रडू लागली. नवराबायकोने जंग जंग पछाडलं, उपयोग शून्य. बायको हताश होऊन बाहेर निघून गेली. विल्डरस्पिनलाही पळून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात त्याने बायकोची रंगीत फितींची टोपी उचलली, कपडे वाळत घालायच्या काठीच्या टोकावर अडकवली आणि उंच धरली. रडणं थांबलं. आता ही शांतता टिकवायची कशी? तो म्हणाला, चला, आपण बदक-बदक खेळू, मी मोठा बदक. मग कोंबडी आणि पिल्लं. दुपार कशी झाली ते कळलं नाही.

प्रत्येक बालवाडीत जूनच्या पहिल्या आठवड्यात हा प्रसंग आजही घडतो. फक्त टोपी बदलते.

पण विल्डरस्पिनची टोपी जगभर गेली नाही. गेली ती त्याची 'गॅलरी'. खूप मुलांना एकाच वेळी एखादी वस्तू दिसावी म्हणून त्याने पायऱ्यापायऱ्यांची बैठक केली होती, नाट्यगृहात असते तशी. पाच-दहा मिनिटं बसायचं, बघायचं, आणि पुन्हा बाहेर खेळायला जायचं. कारण मैदान हेही त्याचंच आवडतं शिक्षणसाधन. पुढे इंग्लंडमधल्या शाळांनी गॅलरी ठेवली आणि मैदान आखडलं. एकेका शिक्षिकेपुढे पायऱ्यांवर ओळीने बसवलेली साठ-साठ पोरं, हाताची घडी, तोंडाने अक्षरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली तीन ते पाच वयाची जवळजवळ ४३ टक्के मुलं अशी प्राथमिक शाळांत बसत होती. १९०५ मध्ये पाच महिला निरीक्षकांच्या अहवालांत स्पष्ट आलं की एवढ्या लहानांना या कवायतीचा काही फायदा नाही, त्यांना वेगळ्या प्रकारची जागा हवी. सरकारने अर्धंच ऐकलं. पाचाखालच्या मुलांना नाकारायची मुभा शाळांना मिळाली, आणि दहाएक वर्षांत ते प्रमाण निम्म्यावर आलं. वेगळी जागा काही त्या झपाट्याने आली नाही.

आता चेंडू.

फ्रीडरिश फ्रोबेलची आई तो नऊ महिन्यांचा असताना वारली. जर्मनीतल्या थुरिंगियातलं पाद्र्याचं घर, वडील कामात, सावत्र आई दूरदूर. हा मुलगा बागेत एकटा वाढला. पुढे जंगलखात्यात उमेदवारी केली, शिकवणं केलं, नेपोलियनविरुद्धच्या लढाईत स्वयंसेवक म्हणून गेला, आणि मग बर्लिनला खनिजांच्या संग्रहालयात काम करताना स्फटिकांच्या प्रेमात पडला. दगडाच्या आत एवढी शिस्तबद्ध रचना असते, तर वाढणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या आत असणार, अशी त्याची खात्री झाली. पन्नाशी उलटल्यावर त्याला उमगलं की आपल्याला शोधायची ती शिक्षणाची सुरुवात शाळेत नाही, त्याच्याही बरीच अलीकडे आहे.

मग त्याने वस्तू केल्या. त्यांना तो 'भेटी' म्हणायचा. पहिली भेट, दोरीला बांधलेले सहा रंगांचे लोकरीचे चेंडू, तान्ह्या बाळासाठी. चेंडू झुलतो, हातात येतो, जातो, परत येतो. आहे, नाही, पुन्हा आहे. दुसरी भेट लाकडाची, गोल, ठोकळा आणि त्या दोघांच्या मधला नळा. तिसरी, आठ छोट्या ठोकळ्यांचा मिळून झालेला एक मोठा. मोडता येतो आणि पुन्हा जुळवता येतो. आई गमावलेल्या माणसाने मुलाच्या हातात पहिली वस्तू दिली ती जाऊन परत येणारी. हा दुवा माझ्या मनाचा आहे, त्याने तसं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण एकदा दिसल्यावर तो पुसता येत नाही.

नाव त्याला १८४० मध्ये डोंगरातून चालताना सुचलं म्हणतात. किंडरगार्टन, मुलांची बाग. आपण ते रूपक म्हणून घेतो, मुलं म्हणजे फुलं आणि ताई म्हणजे माळी. फ्रोबेलच्या योजनेत मात्र खरीखुरी बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा, त्यात काय लावायचं ते त्याने ठरवायचं, आणि भोवती सगळ्यांचे मिळून सामायिक वाफे. माझं आणि आपलं यांतला फरक मातीत हात घालून कळावा म्हणून. आज तिसऱ्या मजल्यावरच्या, एकही झाड नसलेल्या जागेवरही तेच नाव झळकतं आणि कुणाला खटकत नाही. मलाही कधी खटकलं नव्हतं.

म्हातारा फ्रोबेल पोरांबरोबर फेर धरून नाचायचा आणि गावकरी त्याला वेडा म्हणायचे. १८५१ च्या ऑगस्टमध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिकता आणि समाजवाद पसरवण्याचा आरोप. गोंधळ असा की राजकीय मतांबद्दल संशय होता तो त्याच्या पुतण्यावर, आडनाव एकच. खुलासे करून उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला. त्याच्या थडग्यावर ठोकळा, त्यावर नळा आणि त्यावर गोल असा दगडी खांब आहे. बंदी १८६० मध्ये उठली, पण तोवर त्याच्या शिष्या, बहुतेक बायकाच, देशोदेशी पांगल्या होत्या. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला एका जर्मन स्थलांतरित बाईने घरातच सुरू केलं. जपानमध्ये ते १८७६ मध्ये पोचलं. सरकार घाबरलं नसतं तर ही कल्पना इतक्या वेगाने फिरली असती का, कोण जाणे.

पण फिरताना काय झालं? भेटींच्या पेट्या तयार होऊ लागल्या, त्यांच्या पुस्तिका निघाल्या, आणि पुस्तिकेत क्रम आला. सगळ्यांनी एकदम पेटी उघडा. एक ठोकळा उजवीकडे. आता दुसरा त्यावर. टेबलांवर चौकटी आखलेल्या, त्यांच्या बाहेर ठोकळा जायचा नाही. मोडून पुन्हा जुळवण्यासाठी केलेली वस्तू अशी कवायतीला लागली. फ्रोबेलनेही भेटींचे क्रम सांगितले होते, त्यामुळे सगळा दोष शिष्यांवर टाकणं बरं नव्हे. पण त्याच्या क्रमामागे निदान एक नाचणारा म्हातारा होता.

या कवायतीला कंटाळलेल्यांत अमेरिकेतल्या लुईव्हिलची पॅटी स्मिथ हिल होती. तिने इवल्याशा ठोकळ्यांऐवजी आत शिरून बसता येईल असं घर उभं करता येणारे मोठे ठोकळे केले. पण तिची जगप्रसिद्ध गोष्ट वेगळीच आहे. सकाळी वर्गात आल्यावर म्हणायला साधं गाणं हवं म्हणून तिने शब्द लिहिले आणि बहीण मिल्ड्रेडने चाल लावली. मुलांकडून म्हणवून घ्यायचं, जिथे अडखळतील तिथे चाल आणखी सोपी करायची, पुन्हा म्हणवून घ्यायचं. १८९३ मध्ये ते छापलं गेलं. सुप्रभात म्हणण्याच्या त्या चालीवर नंतर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे शब्द बसले, आणि आज केक कापताना जगभर तीच वाजते. तिच्या मालकीवरून कोर्टकज्जे झाले, अखेर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने गाण्यावर हक्क सांगणाऱ्या कंपनीचा दावा फेटाळला. जी चाल कुणालाही, कितीही बेसूर असला तरी म्हणता येते, ती तशी का आहे? तर कुठल्यातरी चार वर्षांच्या पोराचा आवाज एका सुरापर्यंत पोचत नव्हता, म्हणून.

लंडनच्या डेप्टफर्डमध्ये मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये उघड्या हवेतली शाळा काढली. त्याआधी ब्रॅडफर्डला मार्गारेटने शाळेत अंघोळीची सोय करायला लावली होती. मुलं शिकत का नाहीत याचं उत्तर तिला मुडदुसाने वाकलेल्या पायांत, खरजेत आणि पोटात दिसलं. तीन बाजूंनी भिंती, चौथी बागेकडे उघडी, जेवण, अंघोळ, झोप. अभ्यासक्रम एवढाच. रेचल १९१७ मध्ये गेली. पाळणाघर म्हणजे शिक्षण नव्हे असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी या दोघींबद्दल जरूर वाचावं.

आणि आता ती खुर्ची.

रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत एका बांधकाम संस्थेने मजुरांसाठी चाळवजा इमारती दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती खराब करायची. रंगाचा खर्च वाढत होता, म्हणून संस्थेने ठरवलं की पोरांना एका खोलीत कोंडावं आणि कुणालातरी बघायला ठेवावं. ती 'कुणीतरी' म्हणजे डॉक्टर मारिया मॉन्टेसरी. ६ जानेवारी १९०७ रोजी ती खोली उघडली. गिरणीनंतर भिंतीचा रंग. बालशिक्षणाच्या इतिहासात उदात्त हेतू असतातच, पण पहिला पैसा बहुधा असल्याच कारणासाठी सुटतो.

मॉन्टेसरीने साधनं आणली ती मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांसाठी इटार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या कामावरून तिने बनवलेली. साधनं उंच कपाटात, किल्ली शिकवणाऱ्या बाईंकडे. एकदा बाईंना यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाट उघडंच राहिलं होतं. त्या आल्या तर मुलांनी आपापल्याला हवं ते काढून घेतलेलं, आणि जो तो आपल्या कामात. बाईंना ती चोरी वाटली. मॉन्टेसरीला वाटलं की मुलांना आपल्याला काय हवं ते कळतं, आणि किल्लीची गरज नाही. त्यातून बुटकी, उघडी कपाटं आली. आज सजावटीच्या मासिकांत मुलांच्या खोलीचा फोटो पाहिला की त्यात हमखास बुटकं उघडं कपाट असतं. ते एका विसरलेल्या किल्लीतून आलंय, हे फोटोत मावत नाही.

खुर्च्यांबद्दल तिचं म्हणणं मी दोनदा वाचलं. त्या काळच्या शाळांत बाकं जमिनीला पक्की ठोकलेली असत. अशा बाकांवरची मुलं तिला टाचणीने खिळवलेल्या फुलपाखरांसारखी वाटायची. म्हणून तिने हलक्या खुर्च्या करून घेतल्या, मुलाला स्वतः उचलून नेता येतील अशा. लोक म्हणाले, मुलं त्या पाडतील, गोंगाट होईल. तिचं उत्तर असं की हो, पडतील, आणि पडल्याचा आवाज होईल, आणि तोच हवाय. धक्का लागल्याचं मुलाला त्या आवाजातून कळतं, कुणी रागवायची गरज उरत नाही. ठोकलेल्या बाकांमध्ये मूल तितकंच धसमुसळं असतं, फक्त त्याला ते कधी कळत नाही. हलक्या खुर्च्यांमधलं मूल मात्र हळूहळू खुर्ची न पाडता खोलीभर वावरायला लागतं.

हे वाचलं आणि मला माझी सही आठवली.

मॉन्टेसरीचीही वस्तू झालीच. मान्यताप्राप्त साधनसंच, मान्यताप्राप्त प्रशिक्षण, आणि या साधनाने भलतंच काही खेळायचं नाही असा दंडक. यात तिचा स्वतःचा हातही कमी नव्हता. मुसोलिनीशी तिने आधी जुळवून घेतलं, मग बिनसलं, आणि तिशीच्या दशकात इटलीतल्या तिच्या शाळा बंद पडल्या. १९३९ मध्ये ती थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला आली. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरल्यावर तिच्याबरोबर आलेल्या मारिओला इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं. हा मारिओ तिचा मुलगा. लग्नाबाहेर झालेला, म्हणून खेड्यात दुसऱ्यांकडे वाढवलेला, आणि जगापुढे कित्येक वर्षं पुतण्या किंवा दत्तक. तिच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने त्याची सुटका केली आणि तसं कळवताना त्याला तिचा मुलगा म्हटलं. जगातल्या मुलांकडे इतकं निरखून पाहणाऱ्या बाईला आपल्या मुलाला उघडपणे मुलगा म्हणवून घ्यायला एका परक्या सरकारचा निरोप यावा लागला.

भारतात तिची पद्धत तिच्या आधीच पोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने १९२० मध्ये बालमंदिर काढलं. तिथे आलेल्या ताराबाई मोडक पुढे गिजुभाईंबरोबर साधनांचा, पद्धतीचा विचार करत राहिल्या. आणि मग, पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ मध्ये त्यांनी शहर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं बोर्डी गाठलं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीने शिक्षण आणि शिक्षकी, असा अनुताईंचा तिथपर्यंतचा प्रवास.

गावात बालवाडी काढली तरी वस्तीतली मुलं येईनात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं असायचं, शेळ्या असायच्या, शिवाय चांगल्या घराच्या उंबऱ्याचा संकोच. यावर दोघींनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात धीट पाऊल वाटतं. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी मुलांच्या अंगणात नेऊ. अंगणवाडी. कुणाच्या तरी दारात मुलं जमवायची, आधी तोंड-हात धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. मॉन्टेसरीची घोटीव लाकडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, आणि त्या लाकडाशी त्या मुलांचं नातंही नव्हतं. मग चिंचोके, गुंजा, शिंपले, खडे, पानं, पिसं. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं, सगळं त्यातून. १९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये गेलं.

म्हणजे इथे उलटं घडलं. वस्तू मागे ठेवली आणि कारण पुढे नेलं. इतकं नीट हे दुसरीकडे क्वचितच झालंय. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला, ज्या भाषांत अंगणाला वेगळंच काही म्हणतात तिथेही. आता तो शब्द म्हटला की पाटी, नोंदवह्या आणि सरकारी इमारत डोळ्यांपुढे येते. त्यातलं अंगण, म्हणजे आपण उठून मुलाच्या दारी जाणं, कानाला ऐकू येत नाही.

इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये सुझन आयझॅक्स या मानसशास्त्रज्ञ बाईने १९२४ ते १९२७ या काळात एक छोटी शाळा चालवली. तिथली मुलं काय बोलतात, काय करतात हे शब्दशः टिपून ठेवलेलं आहे. त्यातली सशाची नोंद मी कित्येकांना सांगितलीय. शाळेतला ससा रात्री मेला. एक मुलगा म्हणाला, पोट हलत नाही, म्हणजे मेलाय. दुसऱ्याने सांगितलं की पाण्यात टाकला तर जिवंत होईल, असं त्याचे वडील म्हणतात. बाईंनी ना वडिलांना खोटं पाडलं, ना मृत्यूवर प्रवचन दिलं. करून बघायचं का, एवढंच विचारलं. ससा पाण्यात सोडला. तो गोल फिरू लागला तशी काही मुलं म्हणाली, हलतोय, जिवंत आहे. बाईंनी शेजारी एक काटकी सोडली. तीही गोल फिरू लागली. काटकी जिवंत नसते, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग मुलांनीच पुरायचं ठरवलं.

या शाळेतून जगभर गेलेली एकही वस्तू नाही. काटकी कोण विकणार?

दुसरं महायुद्ध संपल्यावर काही दिवसांतच इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात लोकांनी, जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा बांधायला घेतली. तरुण शिक्षक लोरिस मालागुत्सी सायकलवरून ते पाहायला गेला आणि त्यातच राहिला. आता जगभरचे शिक्षक रेज्जो एमिलियातल्या शाळा बघायला जातात आणि परतताना खालून उजेड देणारी टेबलं खरेदी करतात.

आणि शेवटी आकडे. मिशिगनमधल्या इप्सिलांटीत १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ कृष्णवर्णीय मुलांवर एक प्रयोग झाला. ५८ मुलांना बालवाडी मिळाली, ६५ मुलांना नाही. बुद्ध्यंकातला फरक शाळेची पहिली काही वर्षं होईपर्यंत विरून गेला. पण चाळिशीपर्यंत मागोवा घेतला तेव्हा बालवाडीत गेलेल्यांचं शिक्षण जास्त झालेलं, कमाई जास्त, अटक कमी. तेव्हापासून बालशिक्षण हे अर्थतज्ज्ञांचं लाडकं झालं. गुंतवणूक, परतावा. सरकारांना पटवायला ही भाषा लागते, मान्य. पण त्या प्रयोगात शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईबरोबर बसत होत्या. परताव्याचा आकडा भाषणाभाषणांतून फिरला. तो दीड तास फारसा कुठे ऐकू येत नाही. पुन्हा तेच अंगण.

माझी घाई कुठून आली, याचं उत्तर मला पुस्तकांत सापडलं नाही. ती बहुधा पेटीबरोबर येते. हातात वस्तू असली की ती वापरून झाली का, पुढची कधी, असं वाटतंच. मुलगी पाचची झाली तेव्हा तिने एक दिवस खिडकीच्या धुरकट काचेवर बोटाने काहीतरी काढलं आणि ते आपलं नाव आहे असं सांगितलं. पहिलं अक्षर उलटं होतं. ताईंनी शिकवलं का, असं मी विचारलं. "नाही, मला येतं," ती म्हणाली.

वर्ष संपताना पुन्हा पालकसभा होती. मी जरा लवकर गेलो. मनात होतं की ताईंना खुर्चीची ती गोष्ट सांगावी, वहीतली ओळ खोडायची परवानगी मागावी. दारातच पाऊल मऊ पडलं. सगळ्या फरशीवर एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत फोमच्या मॅट घातल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"तुमच्याच सूचनेवरून," ताई म्हणाल्या. "बऱ्याच पालकांनी मग खाली सह्या केल्या."

खोलीत आणखी कुणी आलेलं नव्हतं. ताई रजिस्टर आणायला आत गेल्या. मी एक खुर्ची एका हाताने ढकलून बघितली. ती कलंडली आणि भप्प करून पडून राहिली.